दोन वर्षं झाली तरी सहकारी बाईंना इथली भाषा नीट येत नाही. किती धीर धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई पन्नाशीच्या आसपास दुसऱ्या देशातून आल्या. दोन वर्षं झाली, संध्याकाळच्या वर्गालाही जातात, तरी साधं बोलताना अडखळतात. त्यांची शाळकरी मुलगी मात्र बघता बघता फडाफडा बोलायला लागली. तुम्हाला मधूनच चीड येते आणि मग स्वतःचाच राग येतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. धीर धरायचा तो किती दिवस, धीर धरायचा म्हणजे नक्की करायचं काय, आणि अडलं की सरळ त्यांच्या मुलीला फोन लावला तर बिघडलं कुठे.

नव्याने आलेल्या मोठ्या माणसांना भाषा शिकवणं हे माझं काम आहे, त्यामुळे माझं उत्तर थोडं त्यांच्या बाजूला झुकलेलं असणार. पण चिडचिड होते म्हणून स्वतःला फार बोल लावू नका. अडखळतं बोलणं लक्ष देऊन ऐकणं खरोखर दमवतं. मला त्याचा पगार मिळतो, तुम्हाला मिळत नाही.

आधी दिवसांचं. दिवस मोजूच नका, तास मोजा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवतं. शिकणारे निवडून घेतलेले, शिकलेसवरलेले, शिकण्यासाठीच पगार घेणारे. वर्गात मोजकी माणसं. तरीही इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशसारखी जवळची भाषा कामकाजापुरती यायला तिथे ६०० ते ७५० तास धरतात. अरबी, चिनी, जपानी, कोरियन असेल तर सुमारे २२०० तास, म्हणजे ८८ आठवडे दुसरं काहीही न करता. जर्मनीत २००५ पासून बाहेरून येणाऱ्यांसाठी सरकारी अभ्यासक्रम आहे. त्यात भाषेचे ६०० तास असतात, एकेक तास ४५ मिनिटांचा, आणि वर कायदा, इतिहास, समाज यांचे १००. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी भाषेचे तास ९०० पर्यंत जातात. एवढं करून गाठायचं काय, तर युरोपात मानतात त्या सहा पायऱ्यांपैकी तिसरी: ओळखीच्या विषयावर, साध्या वाक्यांत, आपलं म्हणणं सांगता येणं.

आता तुमच्या बाईंचा हिशेब करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, कामावरून थकून आल्यावर, दोन-दोन तास. आजारपण, सुट्ट्या, जादा पाळी वजा जाता वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर १६० तास झाले. दोन वर्षांत ३२०. जर्मन अभ्यासक्रमाचे ६०० तास घड्याळाने मोजले तर ४५० भरतात. म्हणजे एकही वर्ग न बुडवता, वर्गात कधीही डुलकी न घेता, त्या अजून तिसऱ्या पायरीच्या अलीकडेच असायला हव्यात. आणि त्यांची मूळ भाषा इथल्या भाषेपासून दूरची असेल, लिपीही वेगळी असेल, तर बऱ्याच अलीकडे. तुम्हाला दिसतंय ते मागे पडणं नाही. त्या वेळापत्रकाप्रमाणेच चालल्या आहेत, फक्त ते वेळापत्रक कोणी तुम्हाला दाखवलेलं नव्हतं.

यावर हमखास येणारा आक्षेप: पण त्या इथेच राहतात ना, दिवसभर भाषा कानावर पडतच असेल. कानावर पडते, अंगवळणी पडत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला सुरुवातीला जी कामं मिळतात, सफाई, पॅकिंग, भांडी, माल हलवणं, त्यांत दिवसभरात तीच ती दहा वाक्यं लागतात. कॅनडात बॉनी नॉर्टन या संशोधिकेने १९९० च्या दशकात नव्याने आलेल्या पाच स्त्रियांचा अभ्यास केला. त्या स्त्रिया आपल्या दिवसांबद्दल डायरी लिहीत. त्यातली एक खाण्याच्या दुकानात कामाला होती आणि तिच्या वाट्याला नेमकी अशीच कामं यायची ज्यांत कोणाशी बोलावं लागत नाही. बोलत नाही म्हणून कोणी तिच्याशी बोलायचं नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणून तिची भाषा सुधारायची नाही. पुढे कामाबाहेर सहकाऱ्यांच्या सहलींमध्ये ती लोकांना वेगळी भेटली, आणि मग कामावरही बोलणं सुरू झालं. सराव करायला बोलणारं माणूस लागतं, आणि ते माणूस शिकणारीला हुकमी मिळत नाही. तुम्ही रोज समोर असता. तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःला बघ्याच्या जागी ठेवलंय. तसं नाहीये ते.

मुलीशी तुलना तर सोडूनच द्या. तान्हं मूल जगातल्या कुठल्याही भाषेतले उच्चार वेगवेगळे ओळखतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ सहज वेगळा ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर बहुतेकांना येईना. मोठ्यांची तर बातच सोडा. ज्या दोन अक्षरांत आपल्याला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, तो कोट्यवधी शहाण्यासुरत्या लोकांना ऐकूच येत नाही. तुमच्या बाईंच्या बाबतीतही इथल्या भाषेतले काही उच्चार असेच असणार. त्यांना ते ‘करता येत नाहीत’ हे नंतरचं. आधी ते ऐकूच येत नाहीत, आणि ऐकू यायला सराव लागतो.

गंमत म्हणजे मोठी माणसं सगळ्याच बाबतीत मंद नसतात. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियन हुफ्नागेल-ह्यूल या दोघींनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांची वयानुसार तुलना केली. पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि प्रौढ पुढे होते, चिमुरडी मागे. कारण मोठ्या माणसाला नियम समजतो, यादी पाठ करता येते, अंदाज बांधता येतो. लहान मूल शेवटी बाजी मारतं, हे बरोबर; पण त्याच्याकडे वेळ असतो, शाळा असते, खेळायला सवंगडी असतात, आणि ‘चल, इकडे ये, माझं आहे’ एवढ्यावर त्याचं भागतं. त्याला कोणी विम्याचा अर्ज समजावून सांगायला लावत नाही. शिवाय त्या मुलीची भाषाही दिसते तितकी पुढे गेलेली नाही. जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या अशाच मुलांबद्दल दाखवून दिलं होतं की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शाळेच्या पुस्तकातली, अमूर्त गोष्टींची भाषा वयाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी फोनच्या वेळी लागेल.

आता करायचं काय. माझ्या मते धीराचा मोठा भाग म्हणजे तीन सेकंद गप्प बसणं. हे ऐकायला पोरकट वाटेल, पण करून बघा, फार जड जातं.

आपण आपल्या भाषेत बोलतो तेव्हा एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांची तुलना करून २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. भाषांमध्ये थोडा फरक आहे, पण सगळीकडे चाल तीच. आता बघा, साधं चित्र दाखवून त्या वस्तूचं नाव सांगायला सांगितलं तर स्वतःच्या भाषेतही अर्धा सेकंदाहून जास्त लागतो. मग पाचव्या भागात उत्तर कसं येतं? कारण समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवत असतो. ऐकणं आणि जुळवणं एकाच वेळी. शिकणाऱ्या माणसाला हे जमत नाही. त्याची सगळी ताकद ऐकण्यातच खर्च होते. तुमचं वाक्य संपल्यावर त्याचं काम सुरू होतं: काय विचारलं, कशाबद्दल, माझं उत्तर काय, त्यासाठी शब्द कोणता, त्याचं लिंग कोणतं, क्रियापद कुठे जाणार. तोवर एक सेकंद कधीच उलटून गेलेला असतो.

आणि एक सेकंदाची शांतता आपल्याला सहन होत नाही. संभाषणांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांना १९८० च्या दशकात इंग्रजी बोलण्यात दिसलं की साधारण तेवढ्या शांततेनंतर कोणीतरी काहीतरी बोलून ती मोडतंच. आपणही मोडतो, म्हणजे काय करतो? दुसरा प्रश्न विचारतो, की पहिल्याचं अर्धं तयार झालेलं उत्तर पाण्यात. किंवा तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो, की आता त्यांना दोन वाक्यं उलगडायची आहेत. किंवा त्यांचं वाक्य आपणच पूर्ण करतो. हे शेवटचं सगळ्यात प्रेमाने केलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. वर्गात मी सतत ऐकते ते गाऱ्हाणं लोक वाईट वागतात हे नसतंच. लोक चांगले आहेत, पण वाक्य संपवू देत नाहीत, हे असतं. त्यात गोम अशी की आपण पूर्ण केलेलं वाक्य बऱ्याचदा चुकीचं असतं. त्यांना सांगायचं असतं एक, आपण तोंडात घालतो दुसरं, आणि दुरुस्त करायला भाषा नाही म्हणून त्या हसून मान डोलावतात.

वर्गातल्या मुलांचंही असंच असतं, तेही स्वतःच्याच भाषेत. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि गप्प बसणाऱ्या मुलांची संख्या घटली. मातृभाषेत मुलांना तीन लागतात, तर तुमच्या बाईंना पाच द्या. त्यांची नजर वर किंवा बाजूला गेली असेल तर त्या शोधतायत, थांबा. तुमच्याकडे बघायला लागल्या तर बहुतेक वेळा अडकल्यात, तेव्हा मदत करा. हा माझा अनुभव आहे, नियम नाही.

या अडखळण्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. स्वतःच्या देशात त्या बाई काय होत्या, विचारलंय कधी? शिक्षिका असतील, हिशेब बघत असतील, चार माणसांचं भांडण सोडवणाऱ्या असतील, विनोदी म्हणून प्रसिद्ध असतील. इथे त्यांच्या तोंडून पाच वर्षांच्या मुलाची वाक्यं येतात, आणि लोक नकळत त्यांच्याशी पाच वर्षांच्या मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतात. वर्गात ‘काल मी बाजारात गेले’ म्हणायला धडपडणारी माणसं डोक्यात पूर्ण वयाचीच असतात. विनोद करता न येणं हा मला तर फार मोठा तोटा वाटतो. तो शिकवण्यातही सगळ्यात शेवटी येतो.

बोलताना काय पाळायचं ते पटकन सांगते. आवाज चढवू नका, त्या बहिऱ्या नाहीत. व्याकरण मोडून ‘तू जाणे, पेटी आणणे’ छापाचं बोलू नका. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की परक्या माणसाशी असं तोडून बोलण्याची खोड अनेक भाषांत आहे. पण जी भाषा कोणी बोलत नाही ती ऐकवून त्यांना काय मिळणार? वाक्य पूर्ण आणि बरोबर असू द्या, फक्त लहान करा. एका वाक्यात एकच गोष्ट. कळलं नाही असं वाटलं तर पहिल्यांदा तेच शब्द, त्याच क्रमाने, जरा सावकाश पुन्हा म्हणा. शब्द बदलायचे ते त्यानंतर. म्हणी आणि टोमणे बाजूला ठेवा. वेळ, तारीख, आकडे कागदावर लिहून द्या. फोनवर आणि चार जणांच्या गप्पांमध्ये त्यांची भाषा एकदम ढासळलेली दिसेल, त्यावरून त्यांची पारख करू नका. ओठ दिसत नाहीत, आपली बोलायची वेळ कधी येते कळत नाही, मोठ्या गप्पांत तर विषय पोचेपर्यंत बदललेला असतो.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र आजपासून बंद. त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं, कारण ‘नाही’ म्हटलं की पुन्हा सगळं ऐकावं लागणार आणि तुमचा चेहरा बघावा लागणार. त्याऐवजी ‘मग आधी काय करणार तुम्ही?’ असं विचारा. उत्तरातच कळेल काय पोचलं ते. आणि हेच तुमच्याही बाजूने. त्यांचं कळलं नसेल तर कळल्यासारखं करून मान हलवू नका. मला तर हे चिडण्यापेक्षा वाईट वाटतं. ‘थांबा, शेवटचं कळलं नाही, परत सांगा’ म्हणणारा माणूस त्यांचं बोलणं ऐकण्याजोगं समजतो. ‘हो हो’ म्हणून निघून जाणारा तसं समजत नाही, आणि हे त्यांना लगेच कळतं.

चुका सुधारायच्या का? त्यांनाच विचारा. काहींना हवं असतं, काहींना कामाच्या ठिकाणी नको असतं. आपण सहसा चूक न दाखवता तेच वाक्य बरोबर म्हणून दाखवतो. सभ्य मार्ग आहे, पण रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक सगळ्यात जास्त हाच मार्ग वापरत होते आणि मुलं त्याला सगळ्यात कमी दाद देत होती. मुलांना वाटायचं, बाई होकार देतायत. म्हणून सुधारायचंच असेल तर एका वेळी एक चूक, अर्थ बदलणारी, चारचौघांत नाही. बाकीच्या जाऊ द्या. काही चुका कायमच्या राहतील, हेही आत्ताच मान्य करून टाका. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराबद्दल लिहिलं होतं. माणूस अत्यंत बोलका, मित्र भरपूर, व्यवसाय चांगला चाललेला. व्याकरण मात्र तीन वर्षांच्या पाहणीत जवळपास जागचं हललं नाही. म्हणजे नुसत्या गप्पांनी व्याकरण येतं असं नाही, त्याला वर्ग लागतो. आणि व्याकरणाशिवाय चांगलं जगता येत नाही असंही नाही.

त्यांच्या उच्चारांबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘कानाला त्रास होतो’. तो कमी होईल, आणि बाईंच्या आधी तुमच्याकडून कमी होईल. परक्या उच्चारांचं बोलणं ऐकताना माणसाची समजण्याची गती आधी मंदावते, पण पहिल्या मिनिटाभरातच ती सावरायला लागते, असं २००४ च्या एका प्रयोगात दिसलं आहे. कान शिकतो. फक्त त्याला ते मिनिट मिळायला हवं. जड उच्चार म्हणजे न कळणारं बोलणं, असंही नसतं. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी १९९५ मध्ये मोजलं तेव्हा ज्यांचे उच्चार ऐकणाऱ्यांना फार परके वाटले, त्यांचंही बोलणं लोकांनी शब्दन्‌शब्द बरोबर लिहून काढलेलं अनेकदा आढळलं.

दिवसभर असं वागणं तुम्हाला जमणार नाही, जमवूही नका. घाई असेल तर सरळ सांगा, ‘आत्ता घाईत आहे, सुट्टीत बोलू’, आणि मग सुट्टीत खरंच बोला. रोजची दहा मिनिटं पूर्ण लक्ष देऊन ऐकलेली पुरे. आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे, यंत्र, वीज, रसायनं, तिथे धीरबीर काही नको. तिथल्या सूचना त्यांना त्यांच्याच भाषेत मिळाल्या पाहिजेत. ही मागणी वरिष्ठांकडे तुम्ही करा. बाईंना ती करण्याइतकी भाषा अजून आलेली नाही.

राहिला मुलीचा फोन. बस चुकली, उशीर होतोय, एवढ्यासाठी लावायला हरकत नाही. किल्ली कुठे ठेवली हे विचारायला फोन लावू नका, तिथे थांबा, बाई सांगतील. पण पगारातली कपात, करार, वरिष्ठांची तक्रार, आजारपण यांत मुलीला मध्ये घेऊ नका. ती खेळाच्या मैदानावरची भाषा बोलते, ‘रजेचा हक्क’ आणि ‘रक्तदाब’ तिला दोन्ही भाषांत येत नसतील. मुलं कठीण शब्द गाळतात, आईला वाईट वाटेल ते बदलून सांगतात, आणि आईच्या आजाराची बातमी आईच्या आधी ऐकतात. अनेक देशांत दवाखाने आणि न्यायालयं दुभाषा देतात. मागावा लागतो, एवढंच. तुम्ही सोबत गेलात तर तेवढं मागा. आणि दुभाषा आला तरी बघायचं बाईंकडे, बोलायचं बाईंशी. ‘त्यांना विचारा, कुठे दुखतंय’ असं नाही. ‘तुम्हाला कुठे दुखतंय?’ असं.